तोळा, मासा, काडतूस

आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. आमच्या पिढीने हे कोष्टक पाढ्यांसोबत घोकलं. पुढे दशमान मापं आली आणि कोष्टक वहीतच राहिलं. सोनाराकडे तोळा अजून चालतो, पण तो दहा ग्रॅमचा. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा. इंग्रजांनी १८३३ साली तो १८० ग्रेनवर पक्का केला होता. म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा.

हे सगळं परवा आठवायचं कारण जरा विचित्र आहे. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या पुतण्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. लाकडी ठोकळ्यात ओळीने उभी केलेली पन्नास काडतुसं. खाली लिहिलं होतं, "घरी भरलेली, हरणाच्या हंगामासाठी." दिवसभर कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी पुण्याच्या आमच्या वहिनींनी लिहिलं, "हे काय नवीन? आपल्या घरात असलं कोणी केलं होतं का?"

केलं होतं! त्याच्याच आजोबांनी केलं होतं. नव्या पिढीला ते ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

आधी पुतण्याचं काम सांगतो. रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळी नळकांडं, त्याच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, ती दारू पेटवते आणि दारूचा वायू गोळीला ढकलतो. बार झाला की बाकी सगळं संपतं, नळकांडं तेवढं उरतं. ते पुन्हा पुन्हा वापरता येतं. हा गृहस्थ रिकामी नळकांडी गोळा करून आणतो, धुतो, जुनी टोपी काढतो. बार होताना पितळ फुगलेलं असतं, ते साच्यात दाबून मापावर आणतो. लांबी तपासतो, नवी टोपी बसवतो, दारू तोलून घालतो आणि ठरलेल्या खोलीवर गोळी बसवतो. त्याची रायफल पॉइंट ३०८ची. हे काडतूस तिकडे १९५२ साली बाजारात आलं.

"गोळी केवढी?" मी विचारलं.

"दीडशे ग्रेनची, काका."

मी कागदावर भागाकार केला. १५० भागिले १५. बरोबर दहा मासे! तो म्हणाला, काही जण १८० ग्रेनचीही वापरतात. म्हणजे पुरता एक तोळा. पोराला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

आता खरं काम पुढेच आहे. नेमकी किती दारू घालायची? त्याची छापील पुस्तकं असतात. त्यांत प्रत्येक गोळीसाठी कमीत कमी आणि जास्तीत जास्त भार दिलेला असतो. सुरुवात खालूनच करायची, वरून कधीच नाही. मग थोडी थोडी वाढवत न्यायची. प्रत्येक भाराची काडतुसं वेगळ्या डबीत, डबीवर भार आणि तारीख. शंभर यार्डांवर कागद लावायचा आणि एकेका भाराच्या तीन-तीन गोळ्या झाडून भोकं एकमेकांपासून किती लांब पडली ते मोजायचं. उडालेली टोपी चपटी दिसली किंवा बोल्ट उघडायला जड गेला, तर आतला दाब वाढला असं समजून तिथेच थांबायचं. याला सगळे मिळून दोन महिने लागले.

त्यातून निघालं काय, तर सगळ्यात जोरकस भाराची भोकं विखुरलेली होती. त्याच्याहून बऱ्याच खालच्या एका भाराची तिन्ही भोकं मात्र रुपयाच्या नाण्याखाली झाकावीत इतकी जवळ पडली. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ८५० मीटर. त्याने तोच भार धरला. थंडीत दारू थोडी वेगळी वागते, म्हणून कडाक्याच्या गारठ्यात पुन्हा कागदावर तपासला.

मी विचारलं, "विकत मिळतात ना रे? मग एवढा खटाटोप कशाला?"

तो म्हणाला, "काका, विकतचं काडतूस सगळ्यांच्या रायफलींसाठी केलेलं असतं. हे माझ्या एका रायफलीसाठी आहे. हरणाची जागेवर मरण्याची जागा जेवणाच्या ताटाहूनही लहान. गोळी तिथेच लागली पाहिजे. पोटात लागली तर ते पळून जातं आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरतं."

हे वाक्य मी साठ वर्षांपूर्वी ऐकलं होतं. शब्द वऱ्हाडी होते, एवढाच फरक.

आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं वावर सातपुड्याच्या पायथ्याशी, जामोदच्या पलीकडे. भेंडवळच्या घटमांडणीवरून पावसापाण्याचा अंदाज बांधणारा आमचा मुलूख, पण हा माणूस अंदाजावर काही सोडत नसे. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती, बारा बोअरची. बारा म्हणजे काय, हे त्यांनीच मला शिकवलं. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. नळी जितकी बारीक, तितका आकडा मोठा. व्यस्त प्रमाण पुढे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, पण समजलं होतं ते आबाजींच्या ओसरीवर.

काडतुसं पितळी. मोठी आई ती देवाच्या उपकरणांसोबत चिंचेने घासून द्यायची आणि घासताना पुटपुटायची, "देवाची अन् याची चिंच एकच, काय म्हणावं!" पुतण्या त्याच कामासाठी सायट्रिक अॅसिड वापरतो. पितळ आंबटाने उजळतं, ते इथेही आणि तिथेही. दारू तोलायला सोनाराकडून घेतलेला जुना काटा होता. वजनं म्हणून कुंपणावरच्या वेलीच्या गुंजा, लाल, काळ्या डोळ्याच्या. त्यातल्या सारख्या वजनाच्या निवडून एका डबीत ठेवलेल्या. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये नमद्याची चकती. ती घट्ट बसली पाहिजे, नाहीतर वायू बाजूने निसटतो आणि छर्रे भरकटतात. हरणासाठी मोठे छर्रे, एल.जी. म्हणत ते. औंसात सहा बसतात. पावसाळ्यात दारू दमट होई, म्हणून ती डबी चुलीपासून लांब पण कोरड्या कोनाड्यात असे आणि त्या कोनाड्याला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही, असा दंडक.

दिवाळीच्या सुट्टीत नाल्याच्या दरडीला रद्दी चिकटवलेली तट्टी उभी करायची. तिच्यावर कोळशाने वर्तुळ. आबाजी कदम मोजत मागे जात, बार काढत आणि बंदूक मोडून खांद्यावर टाकली की मी धावत जायचं. माझं काम वर्तुळातली भोकं मोजायची आणि प्रत्येकावर खडूची खूण करायची. मग आबाजी वहीत लिहीत. वही मोडीत. तीन रकाने : दारू किती गुंजा, कदम किती, आत किती.

त्या वहीत एका हिवाळ्यात फक्त एक शब्द लिहिलेला आहे. "गेलं."

हरभऱ्यात चितळं उतरत होती. चाळीस कदमांवरून आबाजींनी बार काढला. चितळ पडलं, उठलं आणि डोंगराकडे निघून गेलं. रक्ताचे थेंब नाल्यापर्यंत दिसत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आबाजी आणि एक कोरकू गडी माग काढत फिरले. संध्याकाळी रिकाम्या हाताने आले. आबाजी जेवले नाहीत, कोणाशी बोलले नाहीत. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. मला वाटलं, आता दारू वाढवतील.

त्यांनी खरंच वाढवून पाहिली, पण तट्टीवर. मीच भोकं मोजली. दारू वाढवली तशी वर्तुळातली भोकं कमी झाली. जास्त जोराने छर्रे दबतात, वेडेवाकडे होतात आणि फाकतात. आवाज मोठा, धक्का मोठा, आणि नेमकेपणा कमी. मग त्यांनी दारू पुन्हा होती तेवढीच केली आणि दहा कदम पुढे येऊन बार काढला. वर्तुळ भरून गेलं. तेव्हा ते म्हणाले, "दारू वाढोल्यानं अंतर मिटत नाही रे पोरा. आपल्यालेच जवळ जा लागते."

वहीच्या पुढच्या पानावर वर लिहिलं आहे, "तीस कदम. पुढे नाही." त्या हंगामात आबाजी कितीतरी रात्री एकही बार न काढता घरी आले. चितळ पस्तीस कदमांवर उभं असायचं आणि तीसवर येत नसायचं. हरभरा खाऊन जायचं.

पुतण्याला हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, कागदावर माझी गोळी तीनशे यार्डांवरही नीट लागते. पण मी दीडशेच्या पुढे झाडत नाही." आजोबा वारले तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता.

कोणाचा गैरसमज नको. आपल्याकडे शिकार पुन्हा सुरू व्हावी, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पन्नास आणि साठच्या दशकांत जीप आणि सर्चलाइट घेऊन रात्री जंगलात शिरणाऱ्यांनी जनावरांची जी कत्तल केली, ती आम्ही ऐकली आहे, थोडी पाहिलीही आहे. त्यांना कदमही मोजायचे नव्हते आणि गुंजाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तो योग्यच झाला. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. १९९१च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. घरी काडतुसं बनवणंही परवान्याशिवाय चालत नाही. आबाजींनी कुरकुर न करता बंदूक जमा केली होती.

अमेरिकेतही एकेकाळी हरणं जवळजवळ संपत आली होती. पेनसिल्व्हेनियाने १८९५ साली शिकारीवर देखरेख ठेवणारं मंडळ नेमलं. हंगाम ठरले, माणशी किती जनावरं ते ठरलं. १९३७ साली कायदा होऊन रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के करातून वन्यजीवांसाठी पैसा मिळू लागला. आता तिथे हरणं भरपूर आहेत. तिथलं गणित वेगळं, आपलं वेगळं.

पण आपल्या गणितातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. आज आमच्याकडे रोही आणि रानडुकरं सोयाबीन, तूर, हरभरा तुडवून जातात. रात्रभर जागल करून शेतकरी टेकीला येतो. कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही जनावरांना मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे, पण कागद फिरेपर्यंत पीक संपलेलं असतं. मग कोणीतरी धुऱ्यावर तार ओढतो आणि तिच्यात वीज सोडून घरी झोपतो. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले, बिबटे मेले, आणि पहाटे वावरात गेलेली माणसंही मेली. ज्याने तार लावली तो तिथे नसतो. समोर काय आलंय हे पाहायला कोणी नसतं. 'गेलं' असं लिहायलाही कोणी नसतं.

तार लावणाऱ्याला मी राक्षस म्हणत नाही. त्याचं वर्षाचं पोट त्या वावरात आहे. पण आबाजींचं पोटही त्याच वावरात होतं. माझ्या मते फरक बंदूक आणि तारेचा नाही. जीव घ्यायची वेळ आलीच, तर घेणाऱ्याने तिथे जागं असलं पाहिजे, आपली मर्यादा त्याने आधी मोजलेली असली पाहिजे, आणि जनावर तिच्या पलीकडे असलं तर हात आवरता आला पाहिजे. दोन महिने कागदावर भोकं मोजणारा पुतण्या मला म्हणूनच क्रूर वाटत नाही. वहिनी, तुम्हाला अजूनही पटलं नसेल तर माझा आग्रह नाही. मोठ्या आईलाही शेवटपर्यंत पटलं नव्हतं. ती चिंच मात्र देत राहिली.

असो. आबाजींची वही माझ्याकडे आहे. मोडी वाचणारे आता घरात मीच एक उरलो, म्हणून देवनागरीत उतरवून काढतो आहे. निम्मी झाली. गुंजांचे ग्रेन करून एक जास्तीचा रकाना घालतोय, म्हणजे पुतण्यालाही वाचता येईल. काटा इथेच आहे, पण डबीतल्या गुंजा कुठे गेल्या कोण जाणे. तुमच्यापैकी कोणाच्या कुंपणाला तो वेल अजून असेल तर मूठभर गुंजा ठेवा, येऊन घेऊन जाईन.