पुसट नाणं म्हणजे खोटं नाणं का?



चौथीला राज्याभिषेकाचा पाठ चालू होता. ६ जून १६७४ ही तारीख फळ्यावर लिहिली आणि सासूबाईंच्या देवघरातली शिवराई मुलांच्या हातात दिली. तांब्याचं छोटं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असायला हवं. आमच्या नाण्यावर ‘श्री’ आणि अर्धा ‘रा’ दिसतो, मागे नुसतं ‘छत्र’.

एक पोरगा लगेच म्हणाला, "मॅडम, हे तं नकली होय! पुस्तकात पुरं नाव हाय."

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचलं. शिवराई हाताने पाडत. खाली एक ठसा, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा आणि घणाचा घाव. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अक्षरं बाहेरच राहायची. घाव तिरका बसला की एक कड खोल उमटे आणि दुसरी पुसट राही. म्हणजे पूर्ण नाव नसणं ही शिवराईची नेहमीचीच तऱ्हा. आणखी एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली. शिवराई महाराजांनंतरही, पेशवाईतसुद्धा पाडली जात होती. त्यामुळे घरातली प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या काळातली’ असं छातीठोक सांगू नये.

विषय इथेच संपला असता. पण दुसऱ्या दिवशी तोच पोरगा आजीला घेऊन आला. आजीच्या पदराच्या गाठीत १९१८ सालचा पंचम जॉर्जचा रुपया होता. बाजारात जुनी नाणी घेणाऱ्या एकाने त्यांना सांगितलं होतं, "राजाचा अंगरखा घासलेला आहे, माल नकली, शंभर रुपये देतो." आजी द्यायलाच निघाल्या होत्या. नातवाच्या वहीपेनाचा खर्च होता.

खरा असेल तर त्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजन आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. नुसत्या चांदीचेच शंभराच्या कितीतरी पट पैसे होतात!

मी भिंग घेतलं. झिजलेलं नाणं आणि मुळातच हलका ठसा बसलेलं नाणं, दोन्ही पुसट दिसतात; पण पुसटपणा वेगळा असतो. वापराने झिजलं तर उंच भाग गुळगुळीत आणि चपटे होतात, चमक जाते. यंत्राचा दाब कमी पडला, तर धातू साच्याच्या खोल जागेत पूर्ण चढतच नाही. तिथे चकतीचा मूळ खरखरीतपणा राहतो आणि आजूबाजूला टाकसाळीची चमक शाबूत असते. बऱ्याचदा मागच्या बाजूलाही नेमकी तीच जागा पुसट असते. आजीच्या रुपयात अंगरख्याची नक्षी अस्पष्ट होती, मागची वेलही तिथेच फिकी. पण बाजूची अक्षरं धारदार होती. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यात सगळंच साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं, बारीक छिद्रं पडतात, कडेला जोड दिसतो. इथे तसं काही नव्हतं.

तरी डोळ्यांवर भागवू नये, कारण ‘ठसाच हलका बसलाय’ हे नकली माल विकणाऱ्याचंही आवडतं कारण असतं. सराफाकडून काटा मागून आणला आणि वर्गातच प्रयोग केला. वजन ११.५८ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याने बांधलेला रुपया तळाला न टेकवता पाण्यात बुडवला. काटा म्हणाला १.१२. भागाकार मुलांकडून करवून घेतला, बरोबर दहाच्या थोडं वर आलं. त्या मिश्रणाच्या चांदीची घनता तेवढीच असते. निकेल असतं तर नऊच्या आत राहिलं असतं. बंदा रुपया होता!

आजींना खोटी आशा मात्र लावली नाही. हलक्या ठशाचा रुपया संग्राहक सहसा कमी भावात घेतात, आणि १९१८ चे रुपये अमाप निघालेले, त्यामुळे दुर्मीळ म्हणता येणार नाही. चांदीच्या भावाखाली देऊ नका, एवढंच सांगितलं. मोबाईलवर ‘जुन्या नाण्याचे लाखो मिळवा’ म्हणणाऱ्यांना आधी पैसे भरू नका, हेही सांगितलं. असे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क मागतात, म्हणून २०२१ मध्ये बँकेनेच लोकांना सावध केलं होतं.

आजी म्हणाल्या, "मंग सध्या नाही इकत. माह्या मायचा होय थो."

शिवराईचं कोडं मात्र सुटलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधी सासूबाई ती दरवर्षी चिंचेने घासायच्या. ठसा कुठे बसलाच नाही आणि चिंचेने काय नेलं, हे आता कुठलंच भिंग सांगणार नाही. चिंचेने तांब्याचा वरचा थर निघतो आणि सगळा पुरावा त्यातच असतो. यंदा दिवाळीत त्यांनी चिंचेचं पाणी काढलं तेव्हा मी शिवराई बाजूला ठेवली.

"काळीच पुजायची का?" त्यांनी विचारलं.

"हो आई, काळीच."

थोडा वेळ माझ्याकडे बघून त्यांनी ती तशीच तबकात ठेवली.