उंदराच्या पोटातले पहारेकरी

'जंत' हा शब्द ऐकला, की माझी भाची नाक मुरडते. पण शाळेत जंताची गोळी मिळाली तेव्हा तिनं मला विचारलं, "मावशी, सर्दी आपली आपण बरी होते. मग जंत का नाही आपोआप जात?" मला प्रश्न फार आवडला. उत्तरासाठी मी थेट उंदरांच्या पोटात शिरले. म्हणजे, उंदरांवरचं संशोधन वाचायला बसले हो!

मुलांनो, रोगजंतू इतका चिमुकला असतो, की रक्तातली पांढरी पेशी त्याला गिळून टाकते. पण जंत म्हणजे तिच्यापुढे हत्तीच! तो कसा गिळणार? म्हणून शरीर वेगळीच युक्ती करतं. गिळायचं नाही, ढकलून द्यायचं.

आतड्याच्या अस्तरात झुबकेदार टोकाच्या थोड्याशाच पेशी असतात. त्यांना 'टफ्ट पेशी' म्हणतात. अशा पेशी १९५६ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या, पण आतड्यात त्यांचं काम काय, हे कोडंच होतं. ते उलगडलं २०१६ साली, उंदरांवरच्या प्रयोगांतून. त्या चक्क पहारेकरी निघाल्या! जंताची चाहूल लागली, की त्या रासायनिक निरोप धाडतात. तो मिळालेल्या पेशी पुढे दुसरा निरोप देतात. मग आतड्यात भरपूर बुळबुळीत स्राव सुटतो, स्नायू जोरानं आवळतात आणि जंत बाहेर ढकलला जातो. निप्पोस्ट्रॉन्जिलस नावाचा जंत असा साधारण दहा दिवसांत हाकलला जातो. टफ्ट पेशी नसलेल्या उंदरांत मात्र तो रेंगाळतो.

मग गोळी कशाला? कारण काही जंत भारी लबाड! हेलिग्मोसोमॉइडिस हा उंदरांतला दुसरा जंत. शरीरात 'आता लढाई पुरे' असा निरोप देणारा एक पदार्थ असतो. हा जंत त्याची नक्कल करून सोडतो आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. माणसांतले जंतही असेच चिवट. काही तर वर्षभराहून जास्त राहतात, अन्न पळवतात, रक्त पितात.

म्हणून तर आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात आणि शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात. पण ती पोटातल्या जंतांना मारते, मातीतल्या अंड्यांना नाही. तेव्हा जेवणाआधी साबणानं हात, कापलेली नखं, पायांत चपला! आईबाबांनो, तुम्हीसुद्धा बरं का. पोटातले पहारेकरी जागे आहेतच. दाराबाहेरचा पहारा आपला.