निसणा

आमच्या घरात दोन दगडांना पाय लागू द्यायचा नाही, असा दंडक होता. एक आईचं जातं आणि दुसरा आबांचा निसणा. दळण जात्यावर व्हायचं, पण जात्यात पडणारे दाणे निसण्यामुळं घरात यायचे.

निसणा म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा दगड. आमचा वीतभर लांब, तीन बोटं रुंद, निळसर काळा. आजोबांनी तो पंढरपूरच्या वारीत विकत घेतलेला. जातं आपल्या काळ्या पाषाणाचं. त्याला टाकी लावून मुद्दाम खरबरीत ठेवावं लागतं. निसण्याचं उलटं. त्याचा कण इतका बारीक, की ओला करून बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं वाटायचं. आणि कठीण असा, की दोन पिढ्या घासूनही मधोमध खोलगट झाला नव्हता. आबा म्हणायचे, "मऊ दगड बिगीनं धार देतोय, पर वस्तराबी खातोय. ह्यो उशिरा देतोय, पर बेतानं घेतोय."

सांजच्याला गावातून आले की आबा धोकटी उघडायचे. कात्री, नराणी, चिमटा, वाटी, आरसा एका अंगाला ठेवायचे. पोत्याचं ओलं फडकं अंथरून त्यावर निसणा मांडायचा, म्हणजे तो सरकत नाही. वर पाण्याचे चार थेंब. मग वस्तरा अगदी आडवा टेकवायचा. पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला लागली पाहिजेत. धार पुढं ठेवून तिरपा ओढायचा, टोकाला आला की पाठीवर उलटायचा आणि तसाच माघारी आणायचा. धारेवर उलटला की सगळी मेहनत वाया. दाब द्यायचा नाही. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन तेवढंच. सुरुवातीला 'खर्र' असा आवाज यायचा, मग तो बारीक होत जायचा. पाणी करडं व्हायचं. धार जमत आली की दगडावरचं पाणी वस्तऱ्याच्या पुढं न पळता त्याच्या पात्यावर चढायला लागायचं. ते दिसलं की आबा थांबायचे.

मग चामोटा. तिथं सगळं उलटं. पाठ पुढं, धार मागं, नाहीतर कातडंच कापलं जाणार. शेवटी डाव्या मनगटावर परीक्षा. आबांच्या त्या मनगटावर मी कधी केस वाढलेले बघितले नाहीत.

एवढं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. आबा म्हणाले, "बोथट वस्तरा कापतोय. धारेचा कापत नाही." उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या त्या दाढ्या. साबण एखाद्या घरी, बाकी नुसतं पाणी चोळून काम. बोथट वस्तऱ्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात चुकतो. उभ्या गावाचा गळा आबांच्या हाताखालून जायचा, पण ओसरीवर चढायची त्यांना सोय नव्हती. अंगणात पोतं टाकून बसायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं मागायचं.

पण आबांच्याही खाली कुणीतरी होतंच. महारवाड्यात, म्हणजे आताच्या बौद्धवाड्यात, आमचा वस्तरा जात नसे. तिथली माणसं एकमेकांची दाढी करायची. त्यांच्यातले एक तात्या मुंबईला गिरणीत होते. नोकरी सुटल्यावर गावी आले, ते सोलिंगेनचा शिक्का असलेला जर्मन वस्तरा घेऊन. एका रात्री ते आमच्या परसदारी येऊन उभे राहिले. "नाना, धार बसंना झालीया. बघता का जरा?"

आबांनी वस्तरा कंदिलापुढं धरला, नखावर टेकवून बघितला. "पोलाद चांगलं हाय," म्हणाले, आणि निसणा मांडला. आजी आतून कुरकुरली, दगड बाटला म्हणाली. आबा म्हणाले, "पाण्याबिगर त्यो चालतच न्हाई. घातलंय की पाणी." त्यानंतर दर महिन्याला तात्या यायचे, पण परसदारीच आणि रात्रीच. आमचा वस्तरा त्यांच्या गालाला चालत नव्हता, त्यांचा वस्तरा मात्र आमच्या दगडाला चालत होता. याचा उलगडा मला तेव्हा होत नव्हता. आबांना होत असावा. ते त्यावर बोलत नसत.

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या सुगीत तात्यांनी अंथरूण धरलं. हात थरथरायला लागले. आबा दिवसाढवळ्या धोकटी काखेत मारून बौद्धवाड्यात गेले आणि त्यांची दाढी करून आले. जाताना पाराजवळून गेले, येताना पाराजवळूनच आले. त्या साली दोन मोठ्या घरांनी आमचं बलुतं दिलं नाही. दुष्काळानं कणगी आधीच रिकामी होती. आईनं महिनाभर कण्यांवर भागवलं आणि आबांना एका शब्दानं बोलली नाही. आबा आठ दिवसांनी पुन्हा गेले. तात्या गेले तोवर जात राहिले.

पुढं कॉलेजात वाचलं, की १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. सुट्टीत मोठ्या उत्साहानं आबांना ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग त्या सालची त्येंची पोटं कशी भरली?" माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

नव्वदच्या दशकात एड्सची भीती गावापर्यंत पोचली. दाढीला नवं ब्लेड वापरा, असं भिंतीवर लिहिलेलं दिसायला लागलं. धाकट्या भावानं स्टँडवर सलून टाकलं. ब्लेड मधून मोडायचं, अर्धं साच्यात बसवायचं, एकाची दाढी झाली की टाकून द्यायचं. निसण्याचं काम संपलं. कारागिरी बुडाली म्हणून मला हळहळ वाटली. आबांना तितकीशी वाटली नाही. ते सलूनच्या बाकावर बसून बघत राहायचे. पाटलांचा नातू उठायचा, त्याच खुर्चीत तात्यांचा नातू बसायचा. "ब्लेडाला धार लावाय लागत न्हाई," आबा म्हणाले, "आन् कुणाचा गाल त्येबी इचारत न्हाई." गावात सगळंच असं सरळ झालं होतं, असं नाही. पण त्या खुर्चीपुरतं झालं होतं.

तात्यांच्या मुलानं तो जर्मन वस्तरा आबांनाच दिला. दसऱ्याला हत्यारं पुजायची. आबा आदल्या दिवशी निसणा ओला करायचे आणि दोन्ही वस्तरे, आपला आणि तात्यांचा, त्यावर फिरवायचे. वापरायचे नाहीत तर धार कशाला, म्हटलं तर म्हणायचे, "गंजल्या हत्याराला कुंकू लावायचं न्हाई." आबा गेल्यापासून ते काम मी करतो. त्यांच्यासारखा हात नाही, पण पाणी पात्यावर चढेपर्यंत थांबत नाही.