चौथीचे काय करायचे?

आमच्या लहानपणी 'डबल प्रमोशन' हा शब्द गल्लीत ज्या आदराने उच्चारला जाई, त्या आदराने डॉक्टरचे नावही कुणी घेत नसे. दोन-चार वर्षांत एखाद्याच घरी तो योग येई. त्या घरी पेढे वाटले जात आणि आजूबाजूच्या चार घरांतल्या पोरांना त्या दिवशी विनाकारण बोलणी खावी लागत. आमच्या घरी तो योग थोरल्या भावाच्या रूपाने आला. पाचवीतून त्याला एकदम सातवीत बसवले. त्या वेळच्या अकरावीची एस. एस. सी. तो पंधराव्या वर्षी पास झाला, आणि कॉलेजात जायचे म्हणून वडिलांनी घाईघाईने त्याच्यासाठी पहिली लांब विजार शिवायला टाकली. पुढे तो चांगला इंजिनियर झाला. पण क्रिकेटच्या डावात मॅट्रिकपर्यंत तो लिंबूटिंबूच राहिला. "अभ्यासात मी कधी मागे नव्हतो ग," असे तो अजून म्हणतो, "बॅटिंग मात्र मला कुणी कधी दिली नाही."

हे सारे आठवायचे कारण आमची नात. मार्चअखेर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चिरंजीवांना आणि सूनबाईंना बोलावून घेतले व विचारले, "मुलीला तिसरीतून थेट पाचवीत बसवू या का? घाई नाही, विचार करून सांगा." ठाण्याच्या आमच्या तीन खोल्यांत त्यानंतर महिनाभर दुसरा विषय नव्हता.

मुलगी हुशार आहे हे सांगायला मी आजी आहे म्हणून माझी साक्ष ग्राह्य धरू नये. पण एकतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले आहे, तेव्हा शिक्षिका म्हणून थोडे बोलते. बाईंचे गणित फळ्यावर लिहून होण्याच्या आत हिचे उत्तर तयार. मग तासाच्या उरलेल्या वेळाचे काय करायचे? प्रथम तिने वहीच्या समासात मासे काढले. डिसेंबरात सकाळी उठल्यावर पोटात दुखू लागले. डॉक्टरांना काही सापडले नाही, आणि रविवारी ते दुखत नसे. याचेही मला फारसे वाटले नाही, शाळेला कंटाळलेले मूल मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. मला धक्का बसला तो तिची चाचणीची वही चाळताना. नेमकी दोनच उदाहरणे चुकलेली, तीही सोपी. विचारले तर म्हणाली, "मुद्दाम चुकवते आजी. सगळी बरोबर आली की बाई मला इतरांना शिकवायला पाठवतात, आणि मग मुली माझ्याशी बोलत नाहीत."

आठ वर्षांच्या मुलीने चुकायला शिकावे, आणि तेही शाळेत जाऊन!

घरात मतांची वाटणी ताबडतोब झाली. चिरंजीवांनी हिशेब मांडला : एक वर्ष वाचेल. सूनबाईंना भीती वाटली, मोठ्या मुलींत ही कोमेजेल. "आई, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तुम्हीच सांगा," म्हणून तिने निर्णय माझ्याकडे सरकवला. 'हे' वर्तमानपत्रातून डोके काढून म्हणाले, "चौथी वगळायची? मग शिवाजी महाराज कधी वाचायचे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी चौथीत शिवचरित्र वाचले. अफजलखान, पन्हाळा, आग्रा हे सारे ज्यांनी नवव्या वर्षी वाचले त्यांना चौथी म्हणजे काय ते ठाऊक आहे.

मी नेहमीप्रमाणे पुस्तकांकडे वळले. अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर नावाचा गणिती होऊन गेला. अकराव्या वर्षी कॉलेजात, चौदाव्या वर्षी पदवीधर, अठराव्या वर्षी हार्वर्डचा डॉक्टर. मोठा माणूस झाला, पण असल्या बालपणाची बरीवाईट हकीकत सांगायला त्याला पुढे १९५३ साली एक अख्खे पुस्तक लिहावे लागले. ऑस्ट्रेलियाचा टेरेन्स टाओ याचे आईवडील जास्त धोरणी निघाले. मुलगा गणितात फार पुढे होता तेव्हा त्याला गणितापुरते वरच्या वर्गात पाठवले आणि बाकीच्या विषयांत त्या त्या विषयाच्या बेताने ठेवले. २००६ साली त्याला फील्ड्स पदक मिळाले. मला ही तऱ्हा फार आवडली, पण आपल्याकडे एका शाळेतली दोन वेळापत्रके जुळवणे म्हणजे लग्नाच्या दोन याद्या जुळवण्यापेक्षा कठीण. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तिसरा मार्ग काढला आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ती संस्था काढली आणि १९६९ मध्ये प्रशाला सुरू झाली. तिथे हुशार मुले आपल्या वयाच्याच हुशार मुलांबरोबर शिकतात. परंतु पोर आठ वर्षांचे आणि घर ठाण्यात, तेव्हा तोही विचार बाजूला राहिला.

एक गोष्ट मात्र वाचून मी चकित झाले. आपल्या मनात असते की वर चढवलेले मूल एकटे पडते. आयोवा विद्यापीठातून २००४ साली एक अहवाल निघाला. अनेक दशकांच्या संशोधनाचा आढावा घेऊन त्याने सांगितले की नीट निवड केलेली अशी मुले अभ्यासात चांगलीच टिकतात, आणि एकटेपणाची आपली भीती बहुतेक वेळा खरी ठरत नाही. तिथल्याच तज्ज्ञांनी शाळांसाठी एक मोजपट्टी केली आहे. तिच्यात दोन अटी मोठ्या शहाणपणाच्या वाटल्या. ज्या वर्गात थोरला भाऊ किंवा बहीण असेल त्या वर्गात धाकट्याला बसवू नये. आणि मुलाचीच इच्छा नसेल तर विषय तिथेच संपवावा.

राहिला चिरंजीवांचा हिशेब. मी त्याला विचारले, "वाचलेलं वर्ष ठेवणार कुठं?" वैद्यकीय प्रवेशाला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पुरी व्हावी लागतात. एक इयत्ता गाळली तर बहुधा निभावते, दोन गाळल्या तर दारात बसून राहावे लागते. धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट मी त्याला लहानपणी सांगितली होती, ती पुन्हा सांगितली. १८७५ साली मुरूडहून शंभराहून अधिक मैल पायी चालत ते साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि हा मुलगा सतराचा दिसत नाही म्हणून त्यांना बसूच दिले नाही. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. पुढे त्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि १०४ वर्षांचे आयुष्य जगले. उशिराने त्यांचे काय बिघडले? "म्हणजे वर चढवू नये असं तुझं मत?" चिरंजीव म्हणाले. मी म्हटले, तसे मुळीच नाही. वर्ष वाचवायला चढवायचे असेल तर चढवू नये. मूल आज उपाशी आहे म्हणून चढवायचे असेल तर खुशाल चढवावे. आमचे मूल उपाशी होते.

तिला विचारले तेव्हा तिने अभ्यासाचे नावही काढले नाही. म्हणाली, "पण मग डबा कुणाबरोबर खायचा?"

सगळ्या चर्चेत हा एकच प्रश्न कुणाला सुचला नव्हता. सूनबाई शाळेत जाऊन विचारून आली. तिसरी ते पाचवीची मधली सुट्टी एकच. मैत्रीण त्याच रिक्षातून जाणारी. तेव्हा कुठे तिने मान हलवली. मुख्याध्यापिकाबाईंनीही एक सोय ठेवली : दिवाळीपर्यंत पाहू, नाही रमली तर विनासंकोच चौथीत बसवू. अशी सोय ज्या शाळेत नसेल तिथे मी तरी हो म्हटले नसते. मे महिन्यात मी तिच्याकडून चौथीचे गणित करून घेतले, त्याला सतरा दिवस लागले. शिवचरित्र 'ह्यां'नी आपल्याकडे घेतले. रोज दुपारी एक धडा, मग पुढचे दोन तास खिंड कोण लढवणार यावर पलंगावर लढाई. सूनबाईने नवी चादर कपाटात ठेवून दिली.

जूनपासून ती पाचवीत आहे. पहिल्या बाकावर बसते, कारण मागून फळा दिसत नाही. पहिल्या महिन्यात दोघी-तिघींनी तिला 'बाळ' म्हणून हाक मारली. ते तिला आवडले नाही आणि तिने तसे सांगितले. खो-खोत ती अजून लिंबूटिंबूच आहे, माझा भाऊ त्यावर फोनवरून सल्ले देत असतो. डबा जुन्या मैत्रिणीबरोबरच. पोटात मात्र दुखत नाही.

गेल्या आठवड्यात गणिताच्या चाचणीत तिला दहांपैकी सहा मिळाले. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज होती. वही माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, "आजी, हे मला खरंच येत नाही." मी वही उलटसुलट पाहिली. या वेळी मुद्दाम चुकवलेले एकही नव्हते. मी डब्यातली एक पोळी काढून तिचे चार तुकडे केले, दुसरीचे सहा केले. अकराव्या पोळीपर्यंत बेरीज जमली. स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली, "आई, रात्रीला भात जास्त लावते."