पुराच्या नावावर

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आमची मोटारसायकल जिन्याखाली उभी होती. आम्ही दोघे पुस्तकांचे गठ्ठे वर चढवीत होतो. गाडीची आठवण झाली ती तिचे आरसेही पाण्याखाली गेल्यावर. पाणी ओसरले. तेल बदलले, वायरिंग नवे घातले, आणि महिन्याभराने गाडी पुन्हा बोलू लागली. सांगाड्यावर मात्र चिखलाचे तांबूस डाग राहिले होते. ते रोज डोळ्यांपुढे नकोत म्हणून आम्ही चेसिस खरवडून काळीभोर रंगवून घेतली.

पुढे ही गाडी वरचेवर हटून बसू लागली. बटण दाबावे तर सीटखालून नुसते ‘कट् कट्’. किकची सोय नाही. उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की सुरू होई. पण चाळिशी उलटलेल्या दोन प्राध्यापकांनी, त्यांतली एक साडीत, पहिल्या तासापूर्वी गाडी ढकलावी, हे दृश्य विद्यार्थ्यांच्या ध्यानात अभ्यासक्रमापेक्षा अधिक राहिले असणार. आम्ही बॅटरी बदलली. मग रिले बदलला. प्रत्येक वेळी जोडण्या हलत, चार दिवस बरे जात. अखेर आम्ही ठरवून टाकले, की पाणी आत कुठेतरी मुरले आहे. त्या दिवसांत दार फुगले, फ्रीज बंद पडला, सारे पुराच्याच खाती जमा होई. ही गाडी बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. ते २०१९ मध्ये गेले. भंगारात द्यायची, हे आम्ही एकमेकांना सांगितले. आईंना सांगितले नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात ती अशीच रस्त्यात रुसली, तेव्हा जवळच्या गॅरेजमधून बाहेर आला तो आमचाच जुना विद्यार्थी. मराठीच्या पेपरात दोनदा अडकलेला.

“सर, आत्ताच काय बदलू नका. मॅडम, तुम्ही फक्त सांगेन तेव्हा बटण दाबा.”

त्याने मल्टिमीटर बॅटरीला लावला. १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. बटण दाबल्यावरही आकडा फारसा खाली येईना. आम्हांला ही शुभवार्ता वाटली, त्याच्या कपाळाला मात्र आठी पडली. स्टार्टर खरोखर वीज ओढत असता, तर हा आकडा चांगलाच उतरला असता. मग त्याने एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवले. हे दोन्ही विजेच्या दृष्टीने एकच ठिकाण. बटण दाबल्यावर मध्ये अर्ध्या व्होल्टचाही फरक दिसता कामा नये. दिसले नऊ व्होल्ट. स्टार्टरला मिळायची वीज परतीच्या वाटेवर अडत होती.

“अर्थ लागत नाय, सर.”

एवढी वर्षे हे वाक्य आम्ही उत्तरपत्रिकांवर लिहीत आलो. त्यालाही ते आठवले असावे. तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य.

बॅटरीची काळी तार सीटखाली चेसिसला एका बोल्टाने आवळलेली होती. बोल्ट सोडवला. तारेच्या टोकाखाली लोखंड नव्हतेच. होता रंगाचा जाड, चकचकीत थर. वीज जात होती ती केवळ बोल्टाच्या आट्यांतून, आणि दोन पावसाळ्यांत तेही गंजले होते.

“हा रंग कुणी मारला?”

रंगवणाऱ्याचे नाव सांगणे सोपे होते. पण जिथे तार टेकते तेवढी जागा सोड, असे त्याला कुणी सांगितले नव्हते. आम्हांला तर एकही डाग शिल्लक नको होता.

त्याने पॉलिश पेपरने तेवढे वर्तुळ पांढरे होईतो घासले, बोल्ट नवा लावला, वरून व्हॅसलीन फासले. पहिल्या बटणाला गाडी सुरू झाली. पैसे घेतले पन्नास.

भंगारवाल्याला निरोप द्यायचा राहिला. तो त्याच आठवड्यात घरी आला आणि दार आईंनी उघडले. तो कशासाठी आला होता, हे आईंनी आम्हांला अजून विचारलेले नाही.