श्वास सोडताना

पहाटे तीनच्या सुमारास छातीत मांजर गुरगुरू लागायचं आणि मी उठून बसायचे. आजी माझ्या मांडीवर दोन उशा ठेवायची. त्यांवर कोपरं टेकून मी पुढे वाकले की ती पाठीवरून हात फिरवत राही. भिंतीवरचं घड्याळ आणि माझी छाती, घरात एवढेच दोन आवाज.

आजीनं काय केलं नाही? अडुळशाचा काढा दिला, ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकली, केळं-दही बंद केलं. दर कोजागरीला एका वैद्यांच्या अंगणात नेलं. चांदण्यात ठेवलेली औषधाची खीर, रात्रभर जागरण, पहाटे ती खायची. शेजारच्या सतरंजीवर एक म्हातारे गृहस्थ धापत बसलेले असत. मला खोकला आला की स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकत. खिरीनं दमा गेला नाही. पण त्या अंगणात मला एकटं वाटलं नाही, हे मी विसरलेले नाही.

पंप मात्र घरात वर्ज्य. 'एकदा लागला की सुटत नाही.' बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा पंप ब्रिटनमध्ये 1972 मध्येच आला होता, माझ्या जन्माआधी. आमच्याकडे त्याची भीती तेवढी पोचली होती. मग धाप वाढली की स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि त्यांनी गोल झालेला माझा चेहरा.

एकविसाव्या वर्षी छातीच्या डॉक्टर भेटल्या. म्हणाल्या, "श्वास आत जात नाही असं वाटतं ना तुला? खरं तर तो बाहेर पडत नाहीये." नळ्या आतून सुजलेल्या, भोवतीचे स्नायू आवळलेले; जुनी हवा अडकून पडते, नवीला जागा उरत नाही. निळा पंप स्नायू सैल करतो, सूज तशीच राहते. सूज उतरवणारा पंप रोजचा, धाप नसतानाही घ्यायचा. त्याच्या एका दाबात 200 मायक्रोग्रॅम औषध, थेट नळ्यांत जाणारं. आम्ही निर्धास्त गिळत होतो त्या गोळीत 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम, सगळ्या अंगभर. हा हिशेब आम्हाला कुणी आधी का सांगितला नाही, याचा राग अजून येतो.

बरं असताना औषध घेणं मला फार जड गेलं. दोनदा सोडलं, दोनदा पुन्हा त्या उशांवर आले. तिसऱ्या वेळी आजीच पुढे सरसावली. डॉक्टरांनी शिकवलेलं तिनं पाठ केलं होतं: आधी श्वास पूर्ण सोड, ओठ घट्ट मिट, दाबताना हळू ओढ, आता दहापर्यंत थांब. मग गुळण्या. रोज सकाळी ती स्वतः मोठ्यानं आकडे मोजायची. आठनंतर जरा रेंगाळायची, औषध आणखी थोडं मुरावं म्हणून.

आजी जाऊन सहा वर्षं झाली. आकडे आता मीच मनात मोजते. आठनंतर थांबते, मग नऊ.