पुढच्याचं मागचं चाक

सायकलींच्या गटात पडतो तो बहुतेक वेळा मागचा. त्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासतं आणि हँडल वळवून तोल सावरायची सोयच उरत नाही. पुढच्याला जेमतेम धक्का जाणवतो, मागचा मात्र डांबरावर आडवा. म्हणून चाकं अर्धवट शेजारी येऊ देऊ नयेत. एक तर नीट मागे राहा, नाहीतर पूर्ण पुढे निघून जा.

*

पुढच्याने ‘खड्डा!’ म्हणायचं, प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. आपल्याकडे सगळेच खड्डे पुकारले तर पुढचं गाव येईतो घसा बसेल. चाक अडकेल तेवढेच पुकारावेत.

*

ऑक्टोबर. रिसोड रोडच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं. दाणे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही. एकेरी रांग करून आधीच बाजूने निघायचं. तिथे घंटी वाजवून शेतकऱ्याशी हुज्जत घालणाऱ्याला पुढच्या रविवारी बोलावू नये. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक आहे, आपली हौस आहे.

*

पहाटे रोही (नीलगाय) आडवा गेला की ‘गेला एकदाचा’ म्हणू नये. मागे कळप असतो. पुढच्याने ओरडून, हात वर करून वेग हळूहळू कमी करावा. त्याने एकदम ब्रेक मारला तर रोही राहतो बाजूला, आपलेच लोक एकमेकांवर आदळतात.

*

‘समृद्धीवर घेऊ ना, काय मस्त रोड आहे!’ हे म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतोच. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, तो कारंजा, शेलूबाजार, मालेगावकडून आपल्याच जिल्ह्यातून जातो. पण दुचाकीलाही तिथे मज्जाव आहे, सायकलचं तर नावच नको.

*

शेगावची पालखी पंढरपूरला जाताना मेडशी, शिरपूर, रिसोड करत जाते. ती समोर आली की सायकलवरून उतरावं आणि कडेने हातात धरून चालावं. खरं तर रांग कशी धरावी हे त्या वारकऱ्यांकडूनच शिकावं. आम्ही दहा जण नीट राहत नाही. दोघे गप्पांत रमले की तिसरा लगेच त्यांना येऊन चिकटतो आणि मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन थकतो.

*

ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. आपल्या रविवारच्या फेरीला कोण विचारतो? पण अंधारात निघायचं तर मागचा लाल दिवा हवाच, आणि गटात तो लुकलुकता नको, स्थिर ठेवावा. लुकलुकता दिवा मागच्याच्या डोळ्यांत खुपतो, अंतराचा अंदाजही चुकतो.

*

सगळ्यात शेवटी जाणकार माणूस असावा. पंप, ट्यूब, पाने त्याच्याकडे. नवखा दमला तर त्याच्याबरोबर तोच मागे राहतो. बाकीच्यांनी पुढच्या फाट्यावर थांबायचं. तेही डांबर सोडून, खाली मुरमावर. चहा येईपर्यंत सायकली रस्त्यातच आडव्या टाकणारे फार झालेत.